तुटक निळी रेषा

एप्रिल उजाडला की आमच्या गल्लीत कॅराव्हॅन उगवतात. उगवतात म्हणजे अगदी उगवतातच! आदल्या संध्याकाळपर्यंत जिथे नुसता ओला रस्ता आणि कचऱ्याचे रंगीत डबे, तिथे सकाळी खिडकी उघडावी तर पांढरीशुभ्र, पोट सुटलेली कॅराव्हॅन उभी. इथे जर्मनीत कॅराव्हॅनलासुद्धा हंगाम असतो. तो नंबरप्लेटवरच छापलेला असतो. अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत हिने रस्त्यावर यायचं, बाकीचे महिने गावाबाहेरच्या कुठल्यातरी कोठारात गपगुमान झोपायचं. बेशिस्त म्हणून खपवून घ्यायची नाही, मग ती माणसाची असो की चाकांची.

आज समोरच्या हेर, म्हणजे श्रीयुत, क्रूगरांची कॅराव्हॅन आली. त्यांनी दार सताड उघडलं, आतल्या गाद्या कुंपणावर वाळत टाकल्या आणि छतावर जमलेली हिरवट बुरशी फडक्याने पुसायला घेतली. रात्री पाऊस होऊन गेला होता. आत्ता ऊन होतं आणि कॅराव्हॅनच्या कडेने थेंब ओघळत होते. मी डार्मश्टाटच्या ट्रामस्टॉपकडे निघालेली, खांद्यावर लॅपटॉप, डोक्यात नऊची मीटिंग. तेवढ्यात त्या उघड्या दारातून वास आला. बंद प्लॅस्टिक, जुनी कॉफी, ओली पायपुसणी. झालं! माझी ट्राम डोळ्यांसमोरून गेली आणि मी तशीच फुटपाथवर उभी, खुळ्यासारखी हसत.

त्यात फोन वाजला. कराडहून आई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा फोन कधीही 'कशी आहेस'ने सुरू होत नाही.

"अनघा, पाऊस झालाय गं तिकडे! भरपूर झालाय!"

आमच्या घरात 'तिकडे' म्हणजे कराड नव्हे, डार्मश्टाटही नव्हे. 'तिकडे' म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पोटातला तो लाल, रिकामा, अफाट मुलूख, जिथे आम्ही चौघं एका ईस्टरच्या सुट्टीत कॅराव्हॅन ओढत हिंडलो. मी, माझा नवरा मंदार, तेव्हा अकरा वर्षांची सई आणि आई. तिकडे पाऊस झाला की कराडला आईंच्या अंगात येतं, आणि इथे माझ्या.

आईंनी कराडच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. बाई नदीकाठच्या. आमच्या कराडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात. तिथल्या माणसाला नदीचं कौतुक सांगायची गरज नसते. पण आईंचा जीव जडला होता तो भलत्याच नदीवर. वर्गातल्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता आणि दरवर्षी ऑस्ट्रेलियाचा धडा आला की त्या छडीचं टोक देशाच्या मधोमध ठेवायच्या. तिथे निळ्या रेषा होत्या, पण तुटक. थोडी निळी, थोडी कोरी, पुन्हा थोडी निळी. कूपर नदी. वाहायची तीसुद्धा समुद्राकडे नाही, आत, आयर सरोवराकडे.

"तुटक रेषा म्हणजे काय गं मुलींनो?"

"कधीतरीच पाणी येतं अशी नदी, बाई!" सगळा वर्ग एका सुरात.

एकदा एका चोंबड्या पोरीने विचारलं, "बाई, तुम्ही बघितलीय?" आई सांगतात, "मला इतका राग आला म्हणतेस! आणि रागावून तरी काय करणार, बरोबरच विचारलं होतं तिने." तेव्हापासून ती तुटक रेषा त्यांच्या मनात रुतून बसली. निवृत्त झाल्या, नाना, म्हणजे माझे सासरे, गेले, गुडघे बोलायला लागले, पण रेषा काही निघेना.

त्या ईस्टरच्या आधीच्या हिवाळ्यात आई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. फेब्रुवारीतली राखाडी दुपार, बाहेर भुरभुर. मंदारने सहज बातमी वाचून दाखवली, की ऑस्ट्रेलियाच्या वरच्या भागात धो धो पाऊस झालाय, आता ते पाणी हळूहळू खाली वाळवंटाकडे सरकणार. आई मेथी निवडत होत्या. हातातली जुडी तशीच राहिली.

"किती दिवसांत पोचेल रे?"

"काही आठवडे लागतात म्हणे. महिनेसुद्धा."

"म्हणजे तुमच्या ईस्टरच्या सुमारास," आई म्हणाल्या आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. आमच्या घरातले मोठे निर्णय असेच होतात, पालेभाजीवर.

मी म्हटलं, "आई, अहो तुमचे गुडघे!" तर म्हणाल्या, "ते मेले इथेही दुखतात नि कराडलाही. तिकडे दुखले तर निदान नवीन काहीतरी बघत दुखतील."

पुढचे आठवडे मंदारच्या उत्साहाला ऊत आला होता. जर्मनीत गाडीला मोठी कॅराव्हॅन जोडायची तर लायसनही वेगळं लागतं. हा पठ्ठ्या ऐन थंडीत क्लास लावून, दाट धुक्यात सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उलटी गाडी घ्यायला शिकला, परीक्षा पास झाला. ॲडलेडला गाडी घ्यायला गेलो तर तिथल्या हाफपँटवाल्या माणसाने साधं लायसन बघितलं आणि किल्ल्या टाकल्या टेबलावर. मंदार म्हणतो, "अहो, माझ्याकडे स्पेशल लायसन आहे!" तो म्हणाला, "गुड ऑन यू, मेट." बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता.

त्याआधी ॲडलेडच्या विमानतळावर वेगळीच गंमत. सामानाच्या तपासणीत आईंच्या पिशवीतून निघालं एक खण, हळद-कुंकवाच्या पुड्या, सुपाऱ्या आणि नारळ. सोललेला, शेंडीवाला नारळ, आमच्याच गल्लीतल्या आशियाई दुकानातून घेतलेला. आम्हाला पत्ता नाही!

"आई, हे काय?"

"ओटीचं. एवढ्या वर्षांनी नदी येणार, तिच्या भेटीला काय रिकाम्या हाताने जायचं?"

तिथल्या अधिकारी बाईंनी नारळ आणि सुपाऱ्या ठेवून घेतल्या. खण, हळद, कुंकू राहू दिलं. आई काही वाद घालत बसल्या नाहीत, कायदा म्हणजे कायदा. गाडीत बसल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तांदूळ इथे मिळतील. फळ काहीतरी बघू. ओटी तू भरायचीस हं. मी काही भरायची नाही."

का, ते मला विचारायची गरज नव्हती. नाना गेल्यापासून आईंनी कुणाची ओटी भरलेली नाही. कराडहून निघताना माझी ओटी भरायला शेजारच्या सुलभाकाकूंना बोलावणं जायचं. काकू पाटावर बसवून माझी ओटी भरायच्या आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या, हात पुसल्यासारखं करत. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे माझं माहेर म्हणाल तर तेच, कराड. मी कितीदा म्हटलं, "आई, तुम्ही भरा ना, मला चालतं." त्या म्हणायच्या, "तुला चालतं गं. मला नाही ना चालत." विषय संपला.

आणि मग तो मुलूख सुरू झाला. काय सांगू! मी समजत होते वाळवंट म्हणजे उजाड. पण पाऊस पडून गेलेलं वाळवंट म्हणजे भलतंच प्रकरण. माती लाल, अगदी कुंकवाची, आणि तिच्यावर नुकतं उगवलेलं पोपटी गवत. रस्त्याच्या दोन्ही कडांना पिवळी, पांढरी, जांभळी फुलं, कोणीतरी सांडल्यासारखी. खड्ड्याखड्ड्यात पाणी आणि पाण्यापाण्यात आभाळ. इवल्या हिरव्या पोपटांचा थवा एका झाडावरून उठायचा, सगळा मिळून एकदम वळायचा आणि वळताना हिरव्याचा पिवळा व्हायचा. सई खिडकीला नाक लावून ओरडायची, "शाऊ माल, मामा, शाऊ!" बघ, बघ! 'मामा' म्हणजे मीच, जर्मन पोरं आईला मामा म्हणतात. आणि मी चालू गाडीत डावीकडे बघू की उजवीकडे, अशी. माशा तर इतक्या, की बोलायला तोंड उघडावं तर एखादी पोटातच जायची. मंदारने दोन दिवस दात मिटून बोलून बघितलं, मग सोडून दिलं.

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची चाळीतली खोली. एकीने उठायचं तर दुसरीने बसायचं. आई आणि सई एका बाकावर झोपायच्या, मधे उशांची भिंत. सई बोलायची जर्मनमध्ये, आई मराठीत, आणि दोघींचं मस्त चालायचं. कुकरची शिट्टी त्या माळावर अशी घुमायची, की शेजारच्या तंबूतले आजोबा पहिल्यांदा दचकून बाहेरच आले. दुसऱ्या दिवशी मात्र ताटली घेऊन आले. मुगाची खिचडी, वर तूप, आणि दारात लाल चिखलाने माखलेल्या चपला. आत्ता हेर क्रूगरांच्या दाराशी मला आला तो वास याचाच, फक्त त्यात तूप नव्हतं.

एका संध्याकाळी आई सईला ओटी म्हणजे काय ते समजावत होत्या. "लेक सासरी जायला निघाली की तिच्या पदरात तांदूळ, नारळ, खण घालायचा. रिकाम्या ओटीने पाठवायची नसते. आणि तिने काय करायचं, त्यातले चार दाणे भरणारीला परत द्यायचे."

"वारूम?" का?

"म्हणजे देणारीचं घर भरलेलं राहतं आणि घेणारी पुन्हा येते. आता ही नदी बघ. तीही वर्षांवर्षांनी येते, चार दिवस राहते, परत जाते. माहेरवाशीणच की."

सईने मान डोलावली आणि म्हणाली, "आल्झो, म्हणजे जशी मामा कराडला जाते." मी भांडी विसळत होते. हातातलं ताट जरा जास्तच वेळ घासलं. कारण त्या वेळी आम्ही कराडला जाऊन तीन वर्षं झाली होती. नोकरी, नवं घर, सईची शाळा, कारणं सगळी खरी. पण नकाशावर काढायला गेलं तर मीही तुटकच रेषा.

इथवर सगळा आनंदीआनंद. मग आडवा आला एक फलक, 'रस्ता बंद'. पाऊस पुन्हा झाला होता. कच्चा रस्ता, ओला असताना गाडी घातली की चाकोऱ्या पडतात आणि मग सगळ्यांचेच हाल. त्यामुळे वाळेपर्यंत कुणी हलायचं नाही. आम्ही पेट्रोलपंप, दुकान आणि खानावळ असं सगळं एकाच पत्र्याखाली असलेल्या ठिकाणी अडकलो. चालवणारी बाई मॅगी, साठीची, आवाज असा की पलीकडच्या टेकाडावरची गुरं वळून बघतील. तिची आणि आईंची पहिल्या तासात गट्टी. दोघींनाही गुडघे.

दिवसांमागून दिवस जायला लागले आणि आमची सुट्टी वितळायला लागली. जर्मनीत शाळा म्हणजे गंमत नाही. सुट्टी संपली की मूल वर्गात हजर पाहिजे, सहल लांबली वगैरे सबब चालत नाही. 'शूलफ्लिश्ट' म्हणतात तिला, शाळेत जाण्याची सक्ती, आणि ती मोडली तर आईबापांना दंड. मंदार रोज सकाळी मोबाइलवर दिवस मोजायचा आणि रोज त्याचं तोंड थोडं लहान व्हायचं.

शेवटी रस्ता उघडला. आम्ही धावत-पळत, धुळीत, चिखलात, त्या जागी पोचलो जिथे रस्ता कूपर नदी ओलांडतो. आई आमच्या आधी उतरल्या. काठी टेकत काठाशी गेल्या. मीही गेले.

वाळू. कोरडी, पांढरी, भेगाळलेली वाळू, या काठापासून त्या काठापर्यंत. पाण्याचा टिपूस नाही.

मला रडूच फुटायचं बाकी होतं. "आई, एवढा पाऊस पडून!"

"अगं, हा इथला पाऊस नव्हेच," आई म्हणाल्या, एकदम वर्गातल्या आवाजात. "तिचं पाणी वरून येतंय. चालत येतंय. पोचलं नाही अजून, एवढंच." पण काठीवरचा हात घट्ट झाला होता, तो मी बघितला.

त्या संध्याकाळी कॅराव्हॅनमध्ये आमची जुंपली. मंदार म्हणाला, उद्या सकाळी परत फिरायलाच हवं, नाहीतर विमान चुकेल, शाळा चुकेल. "आई, शाळेकडून दंडाचं पत्र येतं गं. आपल्यासारखं नसतं इकडे."

आई शांतपणे म्हणाल्या, "मंदार, मी शिक्षिका आहे. आयुष्यात एकदाही मी कुणाला शाळा बुडव म्हटलं नाही."

"तेच म्हणतोय मी!"

"आता म्हणतेय. हिची शाळा उद्या इथे आहे."

सई टाळ्या पिटायला लागली. "गेनाऊ!" म्हणाली, अगदी बरोबर. मंदारने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. अशा वेळी सुनेने छताकडे बघावं.

तेवढ्यात दारावर थाप. मॅगी सामान पोचवायला पुढे निघाली होती, वाटेत आमची कॅराव्हॅन दिसली म्हणून थांबली. तिने सांगितलं, की नदीच्या पाण्याचं पुढचं टोक वर, एका कुंपणाशी येऊन ठेपलंय, तिचा नवरा दुपारी बघून आलाय. इथे पोचायला अजून दोन दिवस तरी लागतील. दोन दिवस आमच्याकडे नव्हते, मंदारच्या हिशेबाने एक सकाळ होती, फार तर.

आई म्हणाल्या, "ती येईपर्यंत आपण थांबू शकत नाही, बरोबर? मग आपण जाऊ सामोरं. पाहुणा मानाचा असला तर वेशीपर्यंत सामोरं जायचंच असतं."

मंदार थोडा वेळ नकाशा बघत बसला. मग त्याने फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "कॅराव्हॅन इथेच ठेवू. उजाडलं की निघू." मला त्या क्षणी तो असा आवडला म्हणून सांगू!

सकाळी मॅगीच्या नवऱ्याची खटारा गाडी पुढे, आमची मागे. कुंपणाच्या कडेने, खाचखळग्यांतून, डोकं छताला आपटत. आई पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. एका वळणावर गाडी थांबली आणि इंजिन बंद झालं. तेव्हा ऐकू आलं. भाकरी भाजताना तवा चुरचुरतो ना, तसा बारीक आवाज. कोरड्या भेगांमध्ये पाणी शिरत होतं आणि आतली हवा बुडबुडत वर येत होती.

आणि मग दिसली. नदी येत होती! पूर नव्हे, लोंढा नव्हे. वाळूच्या पात्रातून, माणसाच्या चालीने, अगदी सावकाश. पुढे मळकट फेसाची एक कड, त्यात पानं, काटक्या, मुंगळे, कोळी, सगळे पुढे पळणारे. त्यामागे चहाच्या रंगाचं पाणी, पसरत, थांबत, खड्डा दिसला की आधी तो भरून घेत, मग पुढे पाऊल टाकत. वर पांढरे पक्षी कल्ला करत घिरट्या घालत होते. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी ओरडले की हसले ते मला आठवत नाही. मंदार ओरडला हे नक्की, आणि तोंडात माशी गेली हेही.

आई पात्रात उतरल्या. आम्ही धरायच्या आत उतरल्या. चपला काढून, साडी जराशी वर खोचून, नदीच्या समोर जाऊन उभ्या. नदी आली तशा एक पाऊल मागे सरल्या. ती पुन्हा आली, या पुन्हा मागे. असं करत करत दोघी चालायला लागल्या, आई पुढे, नदी मागे. गुडघ्यांचं नावसुद्धा नाही. "अगं बाई, अगं बाई," एवढंच म्हणत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सई शेजारी नाचत होती.

"अनघा, ओटी!" आईंनी हाक मारली.

मी पिशवी घेऊन धावले. तांदूळ, हळदकुंकू, आणि नारळाच्या जागी मॅगीच्या फ्रीजमधलं संत्रं. सईने ईस्टरचं चॉकलेटचं अंडं देऊ केलं होतं, ते आईंनी नामंजूर केलं. खणही पिशवीतच ठेवायला सांगितला, "कापड नदीत टाकायचं नाही, कचरा होतो." मी ओंजळीत तांदूळ घेतले आणि वाकले. आणि काय झालं कोण जाणे, मला ते पुढे करवेना. ही नदी माझी कोण? मला तर ती फेब्रुवारीत कळली होती.

"आई, तुम्ही भरा."

"नको गं. माझ्या हाताने नको."

"इथे कोण बघतंय?"

"कोणी नाही. मी बघतेय ना."

नदी आमच्या पायांपाशी येत चालली होती. तिला आमच्या चर्चेशी काही देणंघेणं नव्हतं. तेवढ्यात सई म्हणाली, तिच्या जर्मनमध्ये, अगदी साधेपणाने, "आबर आजी, डेअर फ्लुस केन्ट डिश दोख." पण आजी, नदी तर तुलाच ओळखते.

आईंनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग ओंजळ पुढे केली. मी तांदूळ त्यांच्या हातात ओतले. त्या वाकल्या, वाळूवर हळदकुंकू वाहिलं, तांदळाची ओंजळ ठेवली, वर संत्रं. "ये बाई," म्हणाल्या, "दमली असशील."

नदी आली. आधी संत्रं उचललं. ते फेसावर स्वार होऊन असं डुलत निघालं, की सई त्याच्यामागे किंचाळत पळत सुटली. मग तांदूळ पाण्याखाली गेले. आई मागे सरल्या नाहीत. तशाच उभ्या राहिल्या. आणि फेसाची ती मळकी कड त्यांच्या पायांना टेकली तेव्हा तिच्यात, पानांमध्ये, काटक्यांमध्ये, पांढरे दाणे होते. पाण्याने पुढे ढकलत आणलेले. दोन-चार त्यांच्या पायाच्या बोटांशी अडकले.

आईंनी खाली वाकून ते वेचले. तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"परत दिले गं," म्हणाल्या. "रीतभात आहे हो पोरीला."

आम्ही वेळेत परतलो. विमान मिळालं, शाळाही बुडली नाही. ते दाणे आईंनी त्याच दिवशी खिचडीच्या तांदळात मिसळले, "विमानतळावरच्या बाईंना उगाच कशाला त्रास." सईला वर्गात विचारलं, सुट्टीत काय केलंस? तिने सगळं जर्मनमध्ये सांगितलं, पण एका शब्दाला अडली. शेवटी तो तसाच वापरला. नदी 'माहेर'ला आली होती, म्हणाली. शिक्षिकेने विचारलं, ते ऑस्ट्रेलियात कुठे येतं? सई म्हणाली, खूप ठिकाणी.

या सगळ्याला आता काही वर्षं झाली. इथे पाऊस बारा महिने पडतो, तोही शिस्तीत, त्यामुळे त्याची आठवण यावी असं काही नसतं. पण पावसानंतर कॅराव्हॅनच्या पत्र्यावरून ओघळणारे थेंब दिसले, की मला ती चुरचुर ऐकू येते. आज हेर क्रूगरांनी विचारलं, "सुट्टीत कुठे जाणार यंदा?" मी म्हटलं, "कराडला." त्यांनी विचारलं, "मागच्या डिसेंबरात तर जाऊन आलात ना?" म्हटलं, "गेनाऊ. म्हणूनच."

मागच्या डिसेंबरात निघायच्या दिवशी बॅगा दारात होत्या, मंदार खाली रिक्षा थांबवून उभा. मी सवयीने सुलभाकाकूंची वाट बघत होते. काकू आल्याच नाहीत. आई आतून आल्या, हातात ताट. तांदूळ, खण, सुपारी आणि शेंडीवाला नारळ.

"काकूंना नाही बोलावलंत?"

"बस पाटावर," एवढंच म्हणाल्या.

मी बसले. ओढणीचं टोक पुढे केलं. त्यांनी कुंकू लावलं, ओंजळीने तांदूळ घातले, वर नारळ ठेवला. माझ्या डोळ्यांसमोरचं सगळं धूसर झालं होतं. मग त्यांनी ताट माझ्यापुढे धरलं.

"चार दाणे परत दे."

मी ओटीत हात घातला आणि मूठ भरून त्यांच्या ताटात रिकामी केली.

"अगं, चार म्हटलं, चार! मूठभर कशाला?"

"लवकर यायचंय, आई."